रक्त लपवून कुठं जाशील?

(नवेगाव बांधच्या विहारात, परदेशी शिकायला निघालेल्या पोरापोरींसमोर केलेलं भाषण. बोलताना तुटलं होतं ते थोडं सांधलंय, दोन शिव्या काढल्यात. बाकी तसंच.)



मला फोनवर विषय सांगितला तो असा: परदेशात शिकायला गेल्यावर तब्येत आणि जीव कसा सांभाळायचा. मी म्हणलं, बाप्पा, तुमचा माणूस चुकला. मी दहावी. मुंबईला गोदीत माल उचलतो आणि रात्री कविता लिहितो. पासपोर्ट माझ्याजवळ नाही. बोटी रोज पाहतो, बोटीच्या पोटातही उतरतो, पण ते पत्र्याच्या गुंडाळ्या काढायला. तर ते म्हणाले, तुझी बहीण चाललीय ना? मग तूच बोल.

माझी धाकटी बहीण चाललीय. सप्टेंबरात, इंग्लंडला, एमएस्सी करायला. ती तिसऱ्या ओळीत बसलीय आणि आत्ता तिनं मान खाली घातलीय. तिला विचारूनच बोलतोय. ती म्हणाली, दादा, सगळं सांग, पण रडू नको. बघू.

गोदीत पहिल्या दिवशी मुकादमानं मला काम शिकवलं नाही. दोन गोष्टी सांगितल्या. लटकत्या मालाखाली उभा राहू नको. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभा राहू नको. दोर तुटला की तो माणूस कापत जातो, माणूस किती शिकलाय ते विचारत नाही. त्या दोन वाक्यांवर मी आजपर्यंत दोन्ही पायांवर आहे. आणि आपण परदेशी जाणाऱ्या पोराला काय देतो? शाल देतो, नारळ देतो, फ्लेक्स लावतो, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी त्याचा फोटो लावतो. दोर कुठं ताणलाय ते सांगत नाही. कारण आपल्यालाच माहीत नसतं. मला माहीत झालं ते माझ्याच चुकीतून, ती चूक पुढं सांगतो.

आधी उपासाचं बोलतो.

बाबासाहेब १९२० साली दुसऱ्यांदा लंडनला गेले. प्रिमरोज हिलजवळचं १०, किंग हेन्रीज रोड हे घर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. त्या काळचं त्यांचं जेवण धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. सकाळी पावाचा तुकडा, जरासा मासा. मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय. रात्री दहाच्या सुमाराला पत्र्याच्या तुकड्यावर परतलेले दोनचार पापड आणि कपभर दूध. तेही पापड कुणा ओळखीच्यानं दिलेले. खोलीतला सोबती म्हणे, आता झोपा. ते वाचत राहत. इकडं मुंबईत रमाई घर ओढत होती.

ही गोष्ट आपण चौदा एप्रिलला सांगतो, सहा डिसेंबरला सांगतो. मीही सांगितलीय, टाळ्या घेतल्यात, त्यावर कविता पण पाडलीय. पण मित्रांनो, एक गोष्ट नीट पाहा. तो उपास बाबासाहेबांचं तत्त्वज्ञान नव्हतं. खिशात पैसे नव्हते एवढंच. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं होतं. दुसऱ्यांदा गेले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं कर्ज यांच्यावर. आणि हाच पापडावर राहिलेला माणूस १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचा सदस्य झाला, तेव्हा कामगाराच्या आजारपणाच्या विम्याची तयारी त्याच्याच खात्यात झाली. १९४८ साली त्याचा कायदा झाला. उपासाची चव ज्याला कळली त्यानं दुसऱ्याच्या उपासाचा बंदोबस्त केला. आपण मात्र पापडच तेवढा उचलला आणि देव्हाऱ्यात ठेवला.

आता हिशोब बघा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत २०२३ साली ब्रिटनसाठी निर्वाह भत्ता होता वर्षाला ९,९०० पौंड. बाराने भागा. महिन्याला ८२५. त्याच वर्षी ब्रिटनचं सरकार व्हिसा देताना म्हणत होतं की लंडनमध्ये विद्यार्थ्याला जगायला महिन्याला १,३३४ पौंड लागतात, लंडनबाहेर १,०२३. म्हणजे ज्याच्या देशात जायचं तो सांगतो एवढं लागतं, आणि आपलं सरकार त्याच्याहून कमी हातावर ठेवतं. मधलं अंतर कुठून भरायचं? पोटातून. आणि हप्ता उशिरा आला तर? मी मुंबईत असली पोरं ऐकलीत जी घरी व्हिडिओ कॉल करताना मित्राचं ताट समोर ओढतात, माय काळजी करू नये म्हणून. माय इकडं पाहते आणि म्हणते, बाई, केवढं जेवते माझं लेकरू.

बंद करा हे. पोरांनो, हप्ता आला नाही तर पहिल्या आठवड्यातच ओरडा. तिथल्या जवळपास प्रत्येक विद्यापीठात अडचणीतल्या विद्यार्थ्यासाठी निधी असतो, विद्यार्थी संघटनेचं मदत कार्यालय असतं. शहरात फूड बँका असतात. तिथं जाणं भीक नाही. काम करायचं तर कागदावर करा. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या पोराला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. रोखीनं, पावतीशिवाय, किमान मजुरीच्या खाली राबवणारा मालक तिथंही भेटतो, आणि पुष्कळदा तो आपलीच भाषा बोलतो. नाक्यावरच्या मजुराला हे नवीन नाही. फरक इतकाच की इथं मुकादम पळाला तर मजुरी बुडते, तिथं तासांचा नियम मोडला तर व्हिसाच बुडतो.

उपास आपण अभिमानानं लपवतो. दुसरी एक गोष्ट शरमेनं लपवतो. मी आज खरं त्यासाठी उभा आहे.

हे नवेगाव मराठी साहित्यात आहे. मारुती चितमपल्लींनी ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिलं, इथलं रान आणि पाखरं पुण्यामुंबईच्या वाचकाच्या घरात नेली. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांच्यामुळं मी काही पाखरांची नावं शिकलो. थंडीत दूरदेशची पाखरं या तळ्यावर उतरतात, माणसं गाड्या करून बघायला येतात. पण याच तळ्याच्या काठावर, याच बांध्यांत धान रोवणाऱ्या माणसांच्या रक्तात काय आहे ते वाचायला मला साहित्यात कुठं मिळालं नाही. ते मला दवाखान्याच्या कागदावर मिळालं.

सिकलसेल. इथं बसलेल्या निम्म्यांना हा शब्द माहीत आहे आणि निम्मे आत्ता इकडंतिकडं बघायला लागलेत.

मुंबईहून आलेल्या मित्रांसाठी सांगतो. सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात, मऊ असतात, बारीक नळीतून वाकून निघून जातात. या आजारात अंगातला प्राणवायू कमी झाला की त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. एकमेकींना अडकतात. नळी तुंबते. पुढच्या भागाला रक्त नाही. मग हाडात, पाठीत, छातीत असं दुखतं की माणूस जमिनीवर लोळतो. आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्ही दोष आले तर एसएस, म्हणजे आजारी. एकच आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाला बहुधा काही होत नाही, तो आजारी नव्हे. पण नवरा-बायको दोघं एएस असतील तर प्रत्येक लेकराच्या वेळी चारात एक शक्यता की ते एसएस निघेल.

विदर्भाच्या या पूर्वपट्ट्यात हा आजार आदिवासींत आहे, आपल्या बौद्धांत आहे, इतर जातींतही आहे. काहून? कुणाच्या पापानं नाही. जिथं पिढ्यानपिढ्या हिवताप होता तिथं एएस रक्ताची लेकरं हिवतापाच्या तडाख्यातून जास्त वाचली. वाचली म्हणून वाढली, आणि रक्त पुढं गेलं. आपले आजेपणजे रानात, डासांत, पाण्यात राबून जिवंत राहिले त्याची ही निशाणी आहे. त्याची किंमत चारातलं एक लेकरू मोजतं. आणि जातीच्या आत, त्यातही ओळखीच्या दहा गावांत लग्न लावत राहिलो, म्हणून ते रक्त तिथल्या तिथं फिरत राहिलं. जातीअंत जातीअंत म्हणतो आपण. त्याचा एक अर्थ दवाखान्यात पण आहे.

माझी बहीण एसएस आहे.

लहानपणी रोवणीच्या दिवसांत पाऊस अंगावर आला की ती रात्री ओरडायची. गुडघे सुजायचे. माय म्हणायची वारं शिरलं. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कोंबडं द्या. आम्ही बौद्ध, बावीस प्रतिज्ञा भिंतीवर, आणि माझ्या बानं अंधारात जाऊन कोंबडं दिलं. मी पाहिलं. बोललो नाही. ती अकरा वर्षांची असताना एका सरकारी डॉक्टरीणबाईनं रक्त तपासायला पाठवलं तेव्हा नाव कळलं. गोळ्या सुरू झाल्या, हायड्रॉक्सीयुरिया. रात्रीचं ओरडणं कमी झालं. पण घरात ठरलं, बाहेर सांगायचं नाही. पोरीची जात आहे, लग्न व्हायचंय. दहावीच्या गणिताच्या पेपराला ती दुखणं घेऊन बसली. शाळेत कुणाला सांगितलं नाही. कॉलेजात नाही. होस्टेलवर मैत्रिणींना म्हणायची, पित्त आहे.

आता माझी चूक. विद्यापीठाचा फॉर्म भरताना त्यात एक प्रश्न होता: तुम्हाला काही अपंगत्व किंवा दीर्घ मुदतीचा आजार आहे काय? तिनं रात्री मला फोन केला. दादा, काय लिहू? मी शिवडीच्या खोलीत होतो, पाळी करून आलेलो, डोकं सुन्न. मी म्हणलं, वेडी झाली का? लिहू नको. ‘नाही’ लिही. सीट काढून घेतील. तिनं ‘नाही’ लिहिलं.

विद्रोहाच्या कविता लिहिणारा मी. मुठी, मशाली, सगळं. आणि माझ्या बहिणीला मी तेच सांगितलं जे आपल्या आजोबांना सांगत आले होते: गप राहा, ओळख लपव, तर आत घेतील.

ते मला दोन महिने खात राहिलं. मग गोदीतल्या एका ओळखीच्या कॉम्रेडनं मला एका माणसाचं नाव दिलं. वॉल्टर क्लेमेंट नोएल.

नीट ऐका पोरांनो, हा तुमचा पूर्वज आहे. ग्रेनाडा नावाचं वेस्ट इंडीजमधलं छोटं बेट. तिथला हा काळा पोरगा १९०४ साली दातांचा डॉक्टर व्हायला अमेरिकेत शिकागोला गेला. परदेशी विद्यार्थी. पहिल्याच हिवाळ्यात आजारी पडून दवाखान्यात दाखल. तिथला शिकाऊ डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स, त्यानं याचं रक्त काचेखाली पाहिलं आणि त्याला लांबट, विळ्यासारख्या पेशी दिसल्या. त्याचा वरिष्ठ जेम्स हेरिक, त्यानं १९१० साली ते छापलं. पाश्चात्त्य वैद्यकात या आजाराची पहिली नोंद ती. त्या निबंधात नोएलचं नाव नाही, काळा विद्यार्थी एवढंच. नोएल त्या आजारासकट १९०७ साली पदवी घेऊन आपल्या बेटावर गेला, दवाखाना थाटला, आणि १९१६ साली न्यूमोनियानं गेला. वय ३२. त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्क सोडून लंडनला निघाले होते.

म्हणजे पाश्चात्त्य वैद्यकाला या आजाराची पहिली ओळख झाली तीच परदेशात शिकायला गेलेल्या एका दडपलेल्या जमातीच्या पोराच्या रक्तातून. आणि आम्ही फॉर्मवर लिहायला लाजतो.

अजून ऐका. ज्या ब्लॅक पँथरांचं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्यांची बंदूक आपल्याला माहीत आहे. त्यांची सुई माहीत नाही. १९७१ पासून त्या ब्लॅक पँथरांनी काळ्यांच्या वस्त्यांत सिकलसेलची फुकट तपासणी सुरू केली. सरकार लक्ष देत नाही तर आम्ही रक्त तपासू म्हणाले. १९७२ साली अमेरिकन सरकारला सिकलसेलचा कायदा करावा लागला. आपल्याकडं केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालं. मधली वर्षं तुम्हीच मोजा. नाव घेताना आपण निम्मंच घेतलं, असं मला वाटतं. ज्येष्ठांनी रागवावं.

मग बहिणीनं विद्यापीठाला पत्र लिहिलं. मी सांगितलं म्हणून नाही, तिनंच ठरवलं. मी फक्त माफी मागितली. लिहिलं की फॉर्मवर खोटं लिहिलं होतं, मला हा आजार आहे. चार दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. उत्तर आलं: कळवलंत ते बरं झालं, तुमची खोली गरम पाण्याच्या सोयीची आणि वर्गाजवळची देऊ, दुखण्यामुळं परीक्षा चुकली तर काय करायचं ते आल्यावर बोलू. एवढंच. सीट जागेवर. तिथल्या २०१० च्या समता कायद्यानं आजारपणावरून विद्यार्थ्याला नाकारता येत नाही. आणि ब्रिटनच्या लांब मुदतीच्या व्हिसासाठी आपल्याला जी वैद्यकीय तपासणी लागते ती क्षयाची. छातीचा एक्स-रे, ठरवून दिलेल्या केंद्रातच. सिकलसेलचं तिथं कुणी विचारत नाही.

क्षयाचं आलंच म्हणून सांगतो. त्या फोटोची भीती बाळगू नका. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयानं गेल्या. २१ वर्षं. थंडी, अपुरं अन्न, अंगावर पुरेशी ऊब नाही. त्या ब्राह्मण होत्या, पण बाई होत्या, आणि जंतूला जात नसते. तेव्हा औषध नव्हतं, आज आहे. फोटोत डाग निघाला तर बहुतेकांना सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात, मग जाता येतं. डाग लपवायला दलाल गाठणारे असतात. त्यांच्या नादी लागू नका. तो डाग आधी तुमच्याच खोलीतल्या सोबत्याला जाईल.

आता कामाचं. पोट्टेहो, लिहून घ्या.

जायच्या आधी रक्त तपासा. एएस, एसएस की काहीच नाही, कागदावर आणा. एसएस असाल तर डॉक्टरकडून इंग्रजीत पत्र घ्या: आजार काय, गोळ्यांची मूळ नावं काय, कोणती लस कधी घेतली, रक्त कधी चढवलं. न्यूमोनियाची, मेंदूज्वराची आणि फ्लूची लस विचारा, कारण या आजारात प्लीहा लवकर निकामी होते आणि जंतूंशी लढणारा एक शिपाई कमी होतो. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. बॅग हरवते. विमानात हवा पातळ असते, सहा ते आठ हजार फूट डोंगरावर बसल्यासारखी. म्हणून जायच्या आधी डॉक्टरला विचारायचं, विमानात पाणी पीत राहायचं, दर तासाला उठून चालायचं. शेजारच्याला त्रास होतो म्हणून बसून राहू नका. त्याला उठवा.

उतरल्यावर पहिल्या आठवड्यात जीपीकडं, म्हणजे तिथल्या नेमलेल्या डॉक्टरकडं, नाव नोंदवा. आजारी पडल्यावर नोंदवू म्हणू नका. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो. २०२४ च्या फेब्रुवारीपासून तो विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड झाला. म्हणजे तिथला सरकारी दवाखाना तुम्हाला कुणी दान देत नाही. पैसे आधीच भरलेत, हक्कानं जा. तातडीला ९९९, साध्या सल्ल्याला १११. अमेरिकेत जाणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथं ९११ ला फोन केला की रुग्णवाहिका येते आणि मागाहून बिलही येतं. म्हणून विद्यापीठाचा आरोग्य विमा सोडून स्वस्तातला प्रवास विमा घेऊ नका. त्यात बहुधा आधीपासूनचा आजार धरत नाहीत, आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

एसएसवाल्याला ताप ३८ डिग्रीवर गेला, म्हणजे आपल्या शंभरावर, की वाट पाहायची नाही. लगेच डॉक्टर. छातीत दुखतं, दम लागतो, बोलता बोलता तोंड वाकडं होतं, तर थेट ९९९. थंडीत कानटोपी, हातमोजे, पायमोजे. कुणी म्हणेल चल थंड समुद्रात उडी मारू, मजा येते. तुझी मजा वेगळी, माझी वेगळी, म्हणायचं. दारूनं अंगातलं पाणी जातं, हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. माझं मला माहीत आहे.

आणि सुटीत गावी येऊन परत गेलात, मग ताप आला, तर पहिलं वाक्य हे: मी हिवतापाच्या भागातून आलोय. तिथल्या डॉक्टरच्या डोक्यात हिवताप सहज येत नाही. इथं नर्सबाई काचेवर रक्त घेऊन मोकळी होते, तिथं ते तुम्हाला सुचवावं लागेल.

सुचवावं लागेल, ओरडून सांगावं लागेल. का, ते सांगतो. २०१९ साली उत्तर लंडनमधल्या एका दवाखान्यात सिकलसेलचा २१ वर्षांचा एक काळा तरुण दाखल होता. दुखणं वाढलं, त्यानं प्राणवायू मागितला, नर्सनं नाही म्हणलं. त्यानं दवाखान्याच्या खाटेवरून ९९९ ला फोन केला, मला प्राणवायू हवाय म्हणून. तो वाचला नाही. चौकशी झाली. २०२१ च्या नोव्हेंबरात तिथल्या खासदारांच्या गटानं अहवाल काढला, त्याचं नावच ‘कुणी ऐकत नाही’ अशा अर्थाचं. त्यात आहे की काळ्या रुग्णाला डॉक्टर-नर्स नशेबाज समजतात, दुखतंय म्हणून औषध मागतो तर ढोंग म्हणतात. म्हणून हे पाठ करा: तिथल्या वैद्यकीय नियमावलीत २०१२ पासून लिहिलेलं आहे की सिकलसेलचं तीव्र दुखणं घेऊन आलेल्या रुग्णाला ३० मिनिटांत वेदनाशामक द्यायचं. बहिणीनं ते वाक्य इंग्रजीत छापून पाकिटात ठेवलंय. कॉन्स्टिट्यूशनसारखं.

एकटं जाऊ नका दवाखान्यात. पण सोबत कोण येणार? इथं स्वयंपाकघराचा मुद्दा येतो. तिथं चारपाच जणांत एक स्वयंपाकघर असतं, आणि आपल्या देशातली पोरं दिसली की आपण धावत जातो. मग दुसऱ्या दिवशी आडनाव विचारतात. मग गाव. मग ‘बांधच्या कुठल्या बाजूला?’ मग भांडी वेगळी. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठानं २०१९ साली जातीला भेदभावाच्या नियमात घातलं, कॅलिफोर्निया स्टेटनं २०२२ साली, सिॲटल शहरानं २०२३ साली कायदाच केला. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यात जातीसाठी जागा ठेवली होती, पण २०१८ साली तिथल्या सरकारनं ती भरायची नाही ठरवलं. म्हणून सोबती निवडताना आडनावाच्या मागं धावू नका. नायजेरियाचा, घानाचा, जमैकाचा सोबती बघा. सिकलसेल म्हणताच त्याला समजावून सांगावं लागणार नाही, त्याच्या घरातही कुणी असेल. दोन माणसांजवळ तरी तुमच्या खोलीची दुसरी चावी आणि आजाराचं पत्र असू द्या.

डिसेंबरात लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो. तेव्हा मन पण मावळतं. झोप येत नाही, जेवावं वाटत नाही, जगून काय करायचं असं मनात येतं. तेही दुखणंच आहे, गुडघ्यासारखं. त्यासाठीही विद्यापीठात माणूस बसवलेला असतो, फुकट. घरी सांगायला जड जातं, मला माहीत आहे. तर घरी नंतर सांगा, त्याला आधी सांगा. किंवा मला फोन करा. माझी रात्रपाळी असते आणि तुमची संध्याकाळ. मी उचलतो.

मायबापांनो, तुम्हाला एकच विनंती. पोरगं तिकडून म्हणालं, बरं नाही, तर लगेच ‘मग परत ये’ म्हणू नका. ते ऐकायला लागू नये म्हणूनच पोरं खोटं बोलतात. काय दुखतं ते विचारा, आणि डॉक्टरला दाखवलं का ते विचारा.

मी परवा मुंबईत स्वतःचं रक्त तपासून घेतलं. इतकी वर्षं तपासलं नव्हतं, काहून ते तुम्हीच ओळखा. एएस निघालं. आता लग्नाच्या बोलणीत हा कागद मी आधी टेबलावर ठेवणार, पत्रिका आपल्यात नाहीच, ही ठेवू. मावशी हसताय, पण तुमच्या पोरीचा पण कागद घेऊन या.

आईनं बहिणीच्या बॅगेत पापड भरलेत. दोन किलो. मी म्हणलं, ने, पण वरणभाताबरोबर खा.

उद्या सकाळी आठ वाजता नर्सबाई इथंच विहारात येणार आहेत. आधी बोटाला टोचून तपासणी, त्यात काही निघालं तर दंडाचं रक्त मोठ्या तपासणीला जाईल. जाणाऱ्यांनी यायचंच, न जाणाऱ्यांनीही या. कुणीतरी मघाशी विचारलं, उपाशीपोटी यायचं का? नाही. जेवून या.